इंग्रजीचं व्याकरण मराठीतून शिकवा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर २०२५ मध्ये आपल्याकडे केवढं रान पेटलं ते तुम्हाला मी काय सांगणार. एप्रिलमध्ये जीआर निघाला, जूनमध्ये सुधारून दुसरा आला, आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाल्याचं सांगितलं, तोवर प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो शिक्षणतज्ज्ञ झाला होता. मीही झाले होते. पण एक गोष्ट तेव्हाही डोक्यात यायची आणि आजही येते की अहो पहिलीपासून इंग्रजी तर २००० सालापासून आहे ना? प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला, त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला भेटायचं. तेव्हाही बरंच भांडण झालं, मोठ्या लोकांनी दोन्ही बाजूंनी लिहिलं, मग सगळे गप्प. पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि हे इंग्रजी सहा-सात वर्षांच्या पोरांना शिकवतात कसं, त्यांच्याकडून सराव काय करून घेतात, याच्यावर एक पत्र नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबणार आहे, कापायचं असेल तर वरचा हा इतिहास कापा, खालचं 'ए-ॲन'चं ठेवा.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, डी.एड. झालंय, घरी पहिली ते पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मराठी शाळेची मुलं येतात, सेमीची येतात, आणि आता जास्त करून इंग्लिश मीडियमचीच येतात, पण घरं सगळ्यांची मराठीच. वडील कुठे सिक्युरिटीत, कुठे कुरिअरला, आई कुठे पोळीभाजी केंद्रावर. म्हणजे इंग्रजी वाक्य कानावर पडणार ते फक्त शाळेत आणि मोबाईलमध्ये.

आता माझी तक्रार. शाळेतून आणि क्लासमधून येणारी वर्कशीट. एका पानावर वीस गाळलेल्या जागा, कंसात दोन शब्द, एकाला गोल करा. 'रीना डॅश टू द मार्केट', कंसात गो आणि गोज. पोरगं बघतं की रीना एकटीच आहे, म्हणजे एसवालं, गोलावर गोल, वीसपैकी वीस, वर बाईंचा स्टार. पालक खूश, स्टेटसला फोटो. तिसरीतला एक जण असाच स्टारवालं पान घेऊन आला माझ्याकडे, मी म्हटलं अरे वा, पान बाजूला ठेव, आता मला सांग तुझी आई सकाळी उठून काय काय करते, इंग्रजीत सांग. त्यानं मान वर करून म्हणजे अगदी जोशात सुरुवात केली, "माय मदर वेक अप. माय मदर मेक टिफिन. माय मदर गो टू वर्क." एकही एस नाही. आणि ते पान अजून त्याच्या मांडीवर होतं हां, वीस एसवालं.

त्याला नियम येत होता. विचारलं असतं तर नियम म्हणून पण दाखवला असता, सिंग्युलर सब्जेक्ट टेक्स सिंग्युलर व्हर्ब. पण तोंडाला त्या नियमाची सवयच नव्हती, कारण ते वाक्य त्यानं एकदाही स्वतः बनवलेलं नाही, बनवलेल्या वाक्यातली एक जागा भरलीय फक्त. गाळलेल्या जागा परीक्षेला सोप्या, तपासायला सोप्या, छापायला सोप्या, म्हणून त्यांचं एवढं पीक आलंय, मुलाला त्यातून काय मिळतं हे कोणी बघत नाही. आणि मोबाईलवरची ती ॲप्स म्हणजे तेच, फक्त गोल करायच्या ऐवजी टॅप करायचं आणि वर टाळ्या वाजतात.

बालभारतीला मी यात दोष देणार नाही, पहिली-दुसरीची इंग्रजीची पुस्तकं उघडून बघा, गाणी आहेत, चित्रं आहेत, छोटे छोटे संवाद आहेत, बोलायला लावणारंच सगळं आहे. पण ते वर्गात वाचून पुढे जायचं आणि 'खरा अभ्यास' म्हणून वर्कशीट द्यायचं असं चाललंय. त्यात चौथीच्या मुलाला ॲबस्ट्रॅक्ट नाउन ओळखा! ज्या पोराला 'मला ताप आलाय' हे इंग्रजीत सांगता येत नाही त्याला ऑनेस्टी हे कोणतं नाम ते पाठ. कशासाठी हो?

माझं म्हणणं एकच आहे. लहान मुलांना इंग्रजीचं व्याकरण त्यांच्या मराठीवरून शिकवा, आणि सराव तोंडानं वाक्यं बनवून करून घ्या. मुलं सहा वर्षांची होईपर्यंत एक आख्खं व्याकरण डोक्यात घेऊन आलेली असतात, मराठीचं, आणि ते इंग्रजीपेक्षा काही सोपं नाहीये. ते वापरायचं सोडून आपण दारातच सांगतो की मराठी चपलेसारखी बाहेर काढून ये. एका शाळेच्या डायरीत तर छापलेलंच आहे की घरीसुद्धा मुलाशी इंग्रजीतच बोला. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिनं काय करायचं मग, गप्प बसायचं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटलंय की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिकवण्याचं माध्यम घरची भाषा असावं. ते माध्यमाचं झालं, ते होईल तेव्हा होईल, पण निदान इंग्रजीचा तास तरी मुलाला कळेल अशा भाषेत समजावून सांगायला कोणी अडवलंय?

आता उदाहरणं देते, नुसतं बोलून उपयोग नाही.

'ए' कुठे आणि 'ॲन' कुठे. सगळीकडे काय पाठ करून घेतात तर ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं आली की ॲन. मग पोरगं लिहितं 'ॲन युनिफॉर्म' आणि 'अ अवर'. बाई लाल फुली मारतात आणि सांगतात की हे एक्सेप्शन आहे, पाठ कर. अहो एक्सेप्शन वगैरे काही नाही! नियम अक्षराचा नाहीच मुळी, आवाजाचा आहे, आणि आवाज कळायला मराठी मुलाइतकं सोपं कोणालाच नाही कारण त्याच्याकडे बाराखडी आहे. मी काय करते, शब्द मोठ्यानं म्हणायला लावते आणि पहिला आवाज वहीच्या कडेला देवनागरीत लिहायला लावते. स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर ए. ॲपल, ॲ, स्वर, ॲन. अवर, अ, स्वर, ॲन, स्पेलिंगमध्ये एच असेना का, तोंडात कुठे आहे तो? युनिफॉर्म, य, व्यंजन, म्हणून ए. वन-रुपी कॉइन, व, म्हणून ए, स्पेलिंग ओ नं सुरू होत असलं तरी. हॉटेल, ह, ए. झालं. आणि आता शाळेच्या वर्णमालेत ॲ आणि ऑ पण स्वरांत घेतलेत त्यामुळे ऑरेंज पण बसला.

मग मी मोठ्यांना पण पडणारे शब्द देते. एमएलए? पहिला आवाज 'ए' हा स्वर, म्हणून ॲन एमएलए, एम हे अक्षर व्यंजनाचं असलं म्हणून काय झालं. एफआयआर, एक्स-रे, एसएससी स्टुडंट, सगळे ॲन. ओटीपी, ॲन ओटीपी. आणि यूपीआय पेमेंट? य, म्हणून 'अ यूपीआय पेमेंट'. दुसरीतली मुलगी हे बरोबर सांगते आणि इंग्रजी सहा वर्षं शिकलेला तिचा दादा अडखळतो, कारण त्याला पाच अक्षरं पाठ आहेत. हा खेळ मुलांना एवढा आवडतो की जिन्यावर पण चालू असतो, दुकानाच्या पाट्या वाचत सुटतात.

पण देवनागरी इंग्रजीच्या वहीत लिहायची नाही असा काही शाळांचा नियम आहे. का बरं? एकीच्या वहीत मी पेन्सिलनं 'वॉक्ट' असं लिहून दिलं होतं, डब्ल्यू ए एल के ई डी च्या खाली, कारण ती 'वॉकेड' वाचत होती. तो शेवटचा ईडी कुठे 'ट' वाजतो, कुठे 'ड', आणि वाँटेडमध्ये चक्क 'एड', हे देवनागरीत लिहून दाखवलं की एका दिवसात कळतं. तर शाळेतून शेरा आला, 'डू नॉट राइट मराठी इन इंग्लिश नोटबुक'. आता यावर काय बोलणार.

मग 'द'. हा मात्र खरंच अवघड आहे, कारण मराठीत याला जोडीचा शब्दच नाही, आणि चांगली इंग्रजी बोलणारी माणसंही इथे घसरतात. पण सुरुवात करून देण्यापुरतं मराठीत आहे हो सगळं. आपल्या गोष्टी कशा सुरू होतात? एक होता राजा. मग पुढच्या वाक्यात? तो राजा फार लहरी होता. पहिल्यांदा आला तेव्हा 'एक', दुसऱ्यांदा 'तो'. देअर वॉज अ किंग. द किंग वॉज... बस, इतकंच. गोष्ट ऐकलेल्या प्रत्येक मुलाला ही चाल ठाऊक आहे, आजी सांगताना कधी चुकत नाही. अरबी समुद्राला द लागतो, गेटवे ऑफ इंडियाला लागतो आणि दादरला, मुंबईला नाही लागत, हे हळूहळू वाचून वाचून येतं, ते पाचवीनंतर बघू.

आता तो रडवणारा एस. मुलांना सांगतात की ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस. मी आधी मराठी म्हणवून घेते. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. फळ्यावर लिहायचं आणि मोजायचं किती वेगळी रूपं झाली. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात, सहा. आणि इंग्रजीत? गो आणि गोज, दोन! मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, सहा सांभाळणाऱ्याला दोन काय जड? पुढे भूतकाळात तर अजून गंमत, मी आंबा खाल्ला, चपाती खाल्ली, केळं खाल्लं, चणे खाल्ले, आपलं क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं, आणि इंग्रजीत सगळ्याला एकच एट. आंबा खा नाहीतर केळं खा. हे मुलांना दाखवलं की इंग्रजीची भीती निम्मी तिथेच जाते, कारण आपल्याला जास्त अवघड काहीतरी आधीच येतंय हे त्यांना पहिल्यांदा कोणीतरी सांगितलेलं असतं.

एक घोटाळा मात्र हमखास होतो तो म्हणजे बॉईज प्लेज. नामाला पण एस, क्रियापदाला पण एस. तिथे मी सांगते की एस एका वाक्यात सहसा एकाच ठिकाणी बसतो, अ बॉय प्लेज किंवा बॉईज प्ले. 'बस' या शब्दाचा स्वतःचाच एस असतो ते सोडा, पण लहान मुलांच्या नव्वद टक्के वाक्यांना हे चालतं (टक्के आपले अंदाजाने हां, लगेच पत्र पाठवू नका).

प्रश्न विचारायचा झाला की सगळं गडगडतं. मराठीत किती छान, वाक्य तसंच ठेवायचं आणि शेवटी 'का' लावायचा. इंग्रजीत काहीतरी पुढे आणून ठेवावं लागतं. इथे मी बदलाबदली करते, एकच वाक्य घ्यायचं आणि दरवेळी त्यातलं एकच काहीतरी बदलायचं, लिहायचं नाही, तोंडानंच, गोल बसून, एकानं म्हटलं की पुढच्यानं. आय ड्रिंक टी. आता मी नाही, बाबा: माय फादर ड्रिंक्स टी. आता काल: माय फादर ड्रँक टी. आता प्रश्न: डिड युअर फादर ड्रिंक टी? इथे प्रत्येक नवीन मूल 'डिड युअर फादर ड्रँक' म्हणतंच म्हणतं. मग थांबायचं, आणि विचारायचं की काल झालं हे कोणी सांगितलं? डिडनं सांगितलं. मग ड्रँकनं परत कशाला सांगायचं? तो ड्रिंक होऊन गुपचूप बसला. डजचं पण तसंच, डज युअर फादर ड्रिंक टी, ड्रिंक्सचा एस उठून डूला जाऊन चिकटला म्हणून तो डज झाला. हे एकदा मुलाला स्वतःला दिसलं ना की डिड वेंट बंद होतं, लगेच नाही, पण स्वतःच स्वतःला थांबवून दुरुस्त करायला लागतं, आणि माझ्या मते तो खरा स्टार.

अजून एक, 'माय नियर पेन इज'. हसू नका, हे मुंबईतल्या हजारो मुलांचं वाक्य आहे, आणि ते बेअक्कलपणाचं नाहीये, माझ्याकडे पेन आहे याचं शब्दाला शब्द आहे. मराठीत आपण माझ्याकडे पेन आहे, मला एक भाऊ आहे, मला ताप आहे, माझी उद्या परीक्षा आहे असं तीन तऱ्हेनं म्हणतो आणि इंग्रजीत या सगळ्याला आय हॅव. नुसतं 'चूक' लिहून सोडून दिलं तर मुलाला काय कळणार? ही चार वाक्यं एकाखाली एक लिहा, समोर चारही आय हॅव लिहा, पोरगं स्वतःच म्हणतं "अय्या टीचर, सगळीकडे हॅवच!". तसंच टेबलावरचं 'वर' टेबलाच्या मागे येतं आणि ऑन द टेबलचं ऑन पुढे, बॅगेत आणि इन द बॅग, हे एकदा हातानं वस्तू इकडून तिकडे ठेवत केलं की संपलं, त्याला पानभर प्रिपोझिशन नकोत.

'यू इज' पण खूप येतं, समोर एकच माणूस आहे मग इज का नाही? मी विचारते, आजोबा किती आहेत? एक. मग आजोबा आला म्हणतोस का? नाही, आजोबा आले. तसं इंग्रजीत सगळ्यांनाच आजोबांचा मान, यू आर. कोणी परत चुकत नाही. इंग्रजीतही पूर्वी एकेरीला दाऊ असा वेगळा शब्द होता आणि यू हे अनेकवचनी होतं, पुढे ते सगळ्यांनाच लागलं, म्हणजे माझं आजोबांचं उदाहरण अगदीच वाऱ्यावरचं नाही.

आता पालकांसाठी, कारण मला सगळ्यात जास्त मेसेज त्यांचेच येतात, की एवढी फी भरून अजून एस विसरतो. थोडा धीर धरा. हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन या मानसशास्त्रज्ञानं इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा अशा तीन लहान मुलांचं बोलणं नोंदवून, त्यांना कुठली गोष्ट आधी जमते कुठली नंतर याचा क्रम १९७३ मध्ये मांडला, डी.एड.च्या वेळी वाचलेलं मला अजून आठवतं. तर आय-एन-जी लवकर येतं, इन आणि ऑन लवकर, अनेकवचनाचा एस लवकर, आणि हा ही-शीचा एस बराच मागून, अगदी ए आणि द च्याही नंतर. म्हणजे गोऱ्यांच्या घरातली पोरंसुद्धा तो एस सावकाश शिकतात आणि आपल्याला दुसरीच्या युनिट टेस्टमध्ये पाहिजे. त्यामुळे माझ्या शिकवणीत दुसरीपर्यंत मी धिस इज, दीज आर, आय ॲम, शी इज, आय कॅन, आणि आय ॲम ईटिंग, शी इज स्लीपिंग एवढंच बोलायला लावते, एस चुकला तर फक्त त्याचं वाक्य बरोबर करून परत म्हणते आणि पुढे जाते. तिसरीत एस आणि हॅव-हॅज, चौथीत भूतकाळ आणि डू-डज-डिड. पॅसिव्ह व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट यांचं नाव पण काढत नाही.

आणि मूल 'आय गोएड', 'आय ईटेड' म्हणालं तर आनंद माना. खरंच. त्यानं ईडीचा नियम ओळखलाय आणि तो सगळीकडे लावून बघतंय. आपलीच पोरं तीन वर्षांची असताना 'मी करलं' म्हणत नाहीत का? आपण काय करतो, हसतो, "हो का, केलं का तू?" म्हणतो आणि उचलून घेतो. कोणी लाल पेन काढत नाही. मग सातव्या वर्षी गोएडला फुली का? "ओ, यू वेंट? व्हेअर डिड यू गो?" एवढं बोललं तरी झालं.

ज्या आयांना वाटतं आम्हाला इंग्रजी येत नाही आम्ही काय घेणार, त्यांना पण सांगते, तुम्हाला येतं. स्वयंपाक करता करता मुलाला विचारा आज बाबा काय करतात ते पाच वाक्यांत सांग, आधी मराठीत, मग इंग्रजीत. तुम्ही फक्त कान ठेवा, बाबांच्या क्रियापदाच्या शेवटी स किंवा ज ऐकू आला का? गोज, ईट्स, वॉचेस. नाही आला तर म्हणा "परत सांग", बस. आणि 'मी'च्या वाक्यात स ऐकू आला तरी म्हणा परत सांग. यासाठी इंग्रजी यावं लागत नाही, ऐकू यावं लागतं. आमच्याकडे एक आई हे करते, तिचं स्वतःचं शिक्षण गावी सातवीपर्यंत, पण आता मुलाआधी तिच्याच लक्षात येतं, आणि तो चिडतो.

मुंबईत तर सरावाला सामान शोधायला पण जायला नको. लोकलमध्ये दिवसभर तीन भाषांत वाक्यं वाजत असतात, पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. प्लॅटफॉर्मवर उभं असताना ऐकवा, ही गाडी विक्रोळी, कांजूरमार्गला थांबणार नाही, धिस ट्रेन विल नॉट हॉल्ट ॲट... आम्हा विक्रोळीकरांना हे वाक्य जन्मापासून पाठ आहे, फास्ट लोकल आमच्यासाठी नाहीच. मुलांना सांगायचं आता हेच वाक्य बदल. माय फ्रेंड विल नॉट कम. माय मदर विल नॉट गिव्ह मी द मोबाईल. विल नॉटच्या पुढे क्रियापद साधं, एस नाही ईडी नाही, किती बरं! पहिलीतली एक चिमुरडी आईला म्हणाली "आय विल नॉट हॉल्ट ॲट शाळा", आता यात व्याकरण चुकलंय कुठे सांगा.

शिक्षकांना पण मी ओळखते, दोष द्यायला बसले नाहीये, एका वर्गात साठ मुलं, त्यात पोर्टलवर माहिती भरा, इलेक्शन ड्युटी, खिचडीचा हिशोब, आणि वर इन्स्पेक्शनला वह्या भरलेल्या दिसायला पाहिजेत. तोंडी सराव वहीत दिसत नाही, हीच तर गोची आहे. गाळलेली जागा दिसते. म्हणून महापालिकेच्या आणि खासगी शाळांनाही माझी विनंती आहे की इंग्रजीच्या तासातली पहिली दहा मिनिटं वही न उघडता ठेवा, एक वाक्य घ्या आणि बाकावरून बाकावर बदलत जाऊ द्या, साठ मुलांतून एक फेरी दहा मिनिटांत होते, प्रत्येकाच्या तोंडून एक तरी वाक्य बाहेर पडतं. आज वर्षाला किती पडतात ते कोणीतरी मागच्या बाकावर बसून ऐकावं. आणि त्या तासाला मराठीत समजावून सांगणाऱ्या बाईंना ऑफिसमध्ये बोलावून समज देऊ नका, प्लीज.

तुमच्याकडे पण एक मागणं आहे संपादक साहेब. रविवारी लहान मुलांसाठी तुम्ही जागा ठेवता, त्यात कोडी असतात, चित्र रंगवा असतं, ठिपके जोडा असतं. त्यात कोपऱ्यात एक छोटी चौकट द्या ना, एकच इंग्रजी वाक्य, खाली त्याचं मराठी, आणि मग 'आता बाबा घाला', 'आता काल घाला', 'आता प्रश्न विचारा', असं. उत्तर छापू नका, मोठ्यानं म्हणून घरच्यांना ऐकवा एवढंच लिहा. मानधन नको, वाक्यं मी देते, पहिल्या दोन महिन्यांची काढून ठेवलीत, त्यात ओटीपी आहे, युनिफॉर्म आहे, वडापाव आहे आणि न थांबणारी फास्ट लोकल पण आहे. हातानं लिहिलेली चालतील की टाइप करून मेल करू, तेवढं कळवा.

आपली,
एक शिकवणीवाल्या बाई
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई